आड आणि पोहरा

जत तालुक्यातील एका शाळेत उंची-वजनाच्या तक्त्यावर बोट ठेवून गुरुजी आम्हाला म्हणाले, “हा ऊसतोड कामगारांचा मुलगा. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?” बोलण्यात तुच्छता नव्हती. दिवाळीनंतर हा मुलगा आईबापांबरोबर फडावर जाऊ नये म्हणून हेच गुरुजी दरवर्षी त्याच्या आजीची समजूत काढायला जातात. पण ही म्हण शिक्षकखोल्यांतून शास्त्रीय निष्कर्षासारखी वावरते, म्हणून ती तपासली पाहिजे.

आईबाप ठेंगणे, मूलही ठेंगणे. म्हणजे ठेंगणेपण आनुवंशिक, असा हा युक्तिवाद. पण घरातून मुलाकडे केवळ जनुके येत नाहीत. तीच चूल, तेच पाणी, तेच कष्टही येतात. साम्यावरून कारण ठरत नाही. महाराष्ट्रात २००५-०६ साली दोन वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण ३६ टक्क्यांहून अधिक होते. २०१२ च्या पाहणीत ते २४ टक्क्यांच्या आसपास आढळले. एवढ्या अवधीत लोकांची जनुके बदलत नसतात.

मग घराचा परिणाम सुरू कधी होतो? या प्रश्नावर आपल्याच मातीतले एक मोठे काम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवली आणि पुढे त्यांच्या मुलांचीही. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो; इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण वजनातली तूट सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव फार लहान, त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ साहेबाच्या बाळाइतकी! दिसायला रोड, आतून चरबीयुक्त असे हे बाळ पुढे मधुमेहाकडे झुकण्याचा धोका अधिक. आईच्या आहारातील एकूण उष्मांकांचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही; हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा दिसला. पाणी वाहणे, शेतकाम अशा कष्टांचा भार जास्त, तिथे बाळ लहान. ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देण्याचा कल आढळला.

इथपर्यंत उत्तम. आमची तक्रार आहे ती हे संशोधन आपल्यापर्यंत पोहोचताना त्याचे जे होते, त्याबद्दल. भाषणांतून ते ‘आईने पालेभाजी खाल्ली नाही म्हणून’ एवढेच उरते. म्हणजे जनुकांवरचा दोष काढून आईच्या माथी मारला! चैत्रात जतच्या कोरडवाहू वस्तीवर पालेभाजी आणायची कुठून, हे कोणी सांगत नाही. शिवाय शास्त्र म्हणूनही ही घाई आहे. ज्या घरी विहीर आणि म्हैस, त्याच घरी भाजी आणि दूध. मग बाळ भाजीने वाढले की विहिरीने? निरीक्षणातून याचा पुरता उलगडा होत नाही. प्रयोग करावा लागतो.

तो मुंबईच्या झोपडवस्त्यांत झाला. साडेसहा हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना गर्भधारणेआधीपासून पालेभाजी, फळे व दूध घातलेला रोजचा खाऊ दिला, उरलेल्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरसकट पाहता जन्मवजनातला फरक नगण्य. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केलेल्यांत सुमारे ४८ ग्रॅम वाढ. आणि सर्वांत कृश स्त्रियांच्या बाळांना वजनाचा लाभ दिसलाच नाही. गरोदरपणातील मधुमेह मात्र कमी झाला.

आम्हाला हा निकाल यशापेक्षा अधिक बोलका वाटतो. वर्षानुवर्षांची झीज एका खाऊने भरून निघत नाही. सुरुवात लग्नाच्या, गरोदरपणाच्या बऱ्याच आधी व्हायला हवी, म्हणजे आपल्या वर्गात बसलेल्या मुलींच्या वयात. पुण्याच्या गटानेही २०१२ पासून त्याच सहा गावांत जन्मलेल्या, तेव्हा किशोरवयात आलेल्या मुलामुलींना ब-१२ देऊन पाहिले, ते याच विचाराने.

राहिली म्हण. जतमध्ये ती शब्दशः घेतली तरी चालत नाही. म्हैसाळ योजनेचे कृष्णेचे पाणी ज्या गावांत पोहोचले, तिथल्या कोरड्या आडांना पाणी लागले. आड तोच होता.

हे आम्ही गुरुजींना म्हटले तेव्हा ते हसले. तक्त्यात उंची आणि वजन असे दोनच रकाने होते. सातवी-आठवीच्या किती मुली पाणी भरून शाळेत येतात, असे आम्ही विचारले. त्यांनी थोडा विचार केला आणि हजेरीपट उघडला.