डच मुख्य वाक्यातील पदक्रम आणि मराठी अध्येता : एक चिकित्सा

प्रस्तावना :

'कर्ता-कर्म-क्रियापद' हे सूत्र मराठी माध्यमातील विद्यार्थ्यास शालेय वयातच पाठ होते. इंग्रजीच्या परिचयानंतर 'कर्ता-क्रियापद-कर्म' हे दुसरे सूत्र त्याच्या जोडीला येते. पुढे डच शिकण्याचा प्रसंग आला की, ही भाषा इंग्रजीच्या कुळातील असल्याने तिचा पदक्रमही इंग्रजीसारखाच असणार, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. नेदरलँड्सचे नागरिकत्व घेऊ इच्छिणाऱ्यास सामान्यतः डच भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. शिवाय, इंग्रजीत मागे पडलेला ग्रामीण विद्यार्थी अन्य युरोपीय भाषांतही मागेच राहणार, ही समजूत याच गृहीतकावर उभी आहे.

मुख्य वाक्याचा नियम :

धाराशिव जिल्ह्यातील सोनारी येथे यात्रेसाठी पाहुणे येतात, या प्रसंगातील एक वाक्य घेऊ : 'पाहुणे उद्या सोनारीला येतात.' डचमध्ये हे वाक्य 'डे खास्तन कोमन मॉर्खन नार सोनारी' असे होते. येथे 'डे खास्तन' म्हणजे पाहुणे, 'कोमन' म्हणजे येतात, 'मॉर्खन' म्हणजे उद्या आणि 'नार सोनारी' म्हणजे सोनारीला. वरवर पाहता हा क्रम इंग्रजीसारखा भासतो. परंतु 'उद्या' या पदाने आरंभ केल्यास वाक्य 'मॉर्खन कोमन डे खास्तन नार सोनारी' असे होते. क्रियापद जागचे हलत नाही. कर्ता मात्र त्याच्या मागे जातो. म्हणजेच डचचा नियम कर्त्याच्या स्थानाचा नसून क्रियापदाच्या स्थानाचा आहे. विधानार्थी मुख्य वाक्यात पुरुष-वचनाप्रमाणे बदलणारे क्रियारूप दुसऱ्या स्थानी असते. हे दुसरे स्थान शब्दांच्या मोजणीने नव्हे, तर पदबंधांच्या मोजणीने ठरते. 'डे खास्तन' हे शब्द दोन असले तरी पदबंध एकच आहे. 'कर्ता-क्रियापद-कर्म' या सूत्रात हे काहीच सामावत नाही.

गौण वाक्याची साक्ष :

हेच विधान 'कारण' या अर्थाच्या 'ओमडात' या अव्ययाने जोडल्यास 'ओमडात डे खास्तन मॉर्खन नार सोनारी कोमन' अशी रचना होते. हिचा क्रम 'कारण पाहुणे उद्या सोनारीला येतात' या मराठी वाक्याशी पदबंधागणिक जुळतो. भेद इतकाच की, मराठीत स्थलदर्शक प्रत्यय नामानंतर येतो, तर डचमध्ये 'नार' हे अव्यय नामापूर्वी येते. काळ आधी व स्थळ नंतर, हा क्रमही दोन्ही भाषांत स्वाभाविक आहे. इंग्रजीत मात्र सामान्यतः स्थळ आधी येते. यान कोस्टर यांनी 1975 मध्ये डचचा मूळ क्रम क्रियापदान्त असल्याचे प्रतिपादन केले, ते अशाच पुराव्यांच्या आधारे.

भविष्यार्थी वाक्य याला पुष्टी देते : 'डे खास्तन झुलन मॉर्खन नार सोनारी कोमन.' 'येणार आहेत' यातील 'आहेत' तेवढे दुसऱ्या स्थानी न्यावे आणि 'येणार' शेवटीच राहू द्यावे, तशी ही रचना आहे. सहायक क्रियारूप पुढे जाते, मुख्य धातू वाक्यान्ती थांबतो. यावरून मराठी अध्येत्यासाठी एक सोपी रीत मिळते : प्रथम मराठीच्या क्रमाने वाक्य मनात मांडावे आणि मग केवळ एक क्रियारूप दुसऱ्या स्थानी न्यावे.

मर्यादा :

या साम्याचा अतिरेकही घातक ठरेल. 'उद्या पाहुणे येतात' असे म्हणताना मराठीभाषक क्रियापदापूर्वी दोन पदबंध सहज ठेवतो. त्याच सवयीने 'मॉर्खन डे खास्तन कोमन' अशी रचना केल्यास ती डचमध्ये अशुद्ध ठरते. इंग्रजीतही क्रियापदापूर्वी असे दोन पदबंध चालतात, त्यामुळे इंग्रजीचा आधार घेऊन ही चूक टळत नाही. विभक्तिप्रत्ययांमुळे मराठीला लाभलेली पदक्रमाची लवचीकता डचमध्ये त्या प्रमाणात नाही, हेही ध्यानात घेणे आवश्यक आहे. 'होय-नाही' स्वरूपाच्या प्रश्नात तर क्रियापद प्रथमस्थानी येते.

समारोप :

दुसऱ्या स्थानाचा हा नियम भारतीय भाषांनाही परका नाही. काश्मिरीच्या मुख्य वाक्यातही तो आढळतो. तेव्हा युरोपीय भाषेकडे जाणारा मार्ग इंग्रजीतूनच जातो, हा आग्रह भाषाशास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही. पुण्यासारख्या केंद्रांत शिकवल्या जाणाऱ्या जर्मनलाही मुख्य आणि गौण वाक्यांतील हाच भेद लागू पडतो. महाविद्यालयीन अध्यापनात मराठी वाक्यरचना हा अडथळा न मानता तुलनेचे साधन म्हणून वापरल्यास, विद्यार्थ्यास मातृभाषेच्या व्याकरणाचेही नवे भान येईल. सोनारीसारख्या गावातून येणारा विद्यार्थी डचच्या वर्गात रिकाम्या हाताने येत नाही. वाक्यान्ती क्रियापद सांभाळण्याची सवय त्याने घरूनच आणलेली असते. ती ओळखून तिचा उपयोग करणे ही अध्यापकाची जबाबदारी होय.