फजिती आणि पाणउतारा

कढईत अनारसा हसला, की स्वयंपाकघरात सगळेच हसतात. 'झाली फजिती!' म्हणत, ज्या माउलीने तो तुपात सोडलेला असतो तीही हसते आणि चुरा मुलांच्या हाती पडतो. या फजितीत कोणाचे काही जात नाही.

शब्दाचे मूळ मात्र इतके हसरे नाही. हा शब्द अरबी. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. झाकलेले उघडे पाडणे हा त्याच्या धातूचा अर्थ. चारचौघांत दोष उघडा पडून होणारी नाचक्की, ती फजीहत. सतराव्या शतकात तुकोबा आपल्याच मनाला 'फजितखोर' म्हणतात, तेव्हा त्यात लाडिकपणा मुळीच नाही. हिंदीतली 'फजीहत' अजूनही बोचते. मराठीने पुढे या शब्दाची नांगी काढून घेतली. आणि त्यात आपल्या रंगभूमीचाही हात असावा, असे मला वाटते. देवलांच्या 'संशयकल्लोळा'तला (१९१६) फाल्गुनराव एका तसबिरीपायी काय काय करून बसतो! प्रेक्षक पोट धरून हसतात. पण शेवटी संशय फिटतो आणि संसार शाबूत राहतो. ही फजिती.

मग जुनी धार गेली कोठे? ती 'पाणउतारा' या शब्दात सापडते. 'अब्रू' हा शब्द फारसी. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी ती अब्रू. आपणही मोत्याचे पाणी पाहतो, माणसाला पाणीदार म्हणतो. ते पाणी लोकांदेखत उतरविणे, हा पाणउतारा. फजिती बहुधा आपसूक होते; पाणउतारा कोणीतरी करावाच लागतो. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (१९१९) सुधाकराचे भर कोर्टात जे होते, त्याला फजिती म्हणून पाहा बरे! कानाला खटकते. त्या अपमानाच्या आगीवर तो पहिला प्याला ओततो आणि सिंधूच्या संसाराची राख होते.

खरी पंचाईत आहे ती पाणउतारा करून त्याला फजितीचे गोंडस नाव देणाऱ्यांची. आमच्या घरी एका भाऊबीजेला फराळाला वीस-पंचवीस माणसे जमली होती. काकांनी माझे सहामाहीचे प्रगतिपुस्तक मागवून घेतले आणि गणिताचे गुण खणखणीत आवाजात वाचले. पुन्हा एकदा वाचले. माझे कान तापले. वडील काही बोलू लागले, तोच काका म्हणाले, "अरे, जरा फजिती केली पोराची!" झाले, सगळे मोकळेपणी हसले. त्या एका शब्दाने त्यांना हसण्याचा परवानाच दिला होता. काकांनी 'पाणउतारा' म्हटले असते, तर हातातली चकली हातातच राहिली असती.

आत्या तेवढी हसली नाही. तिने माझ्यापुढची बशी उचलली आणि मला आत पाणी आणायला पाठविले.