एकशिंगी की चरख्याचे खांब?

लाओस आणि व्हिएटनाम या दोन देशांच्या सीमेवर अन्नाम पर्वताची रांग पसरलेली आहे. १९९२ च्या मे महिन्यात तेथील वू क्वांगच्या अरण्यात वन्य प्राण्यांची पाहणी करण्यास गेलेल्या पथकाला शिकाऱ्यांच्या घरी काही लांब, सरळ शिंगे आढळली. ती कोणत्याही ज्ञात प्राण्याची नव्हती. पुढील वर्षी शास्त्रज्ञांनी या नव्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तोच ‘साओला’. त्याच्या शोधार्थ विल्यम डी ब्वीस हे अमेरिकन लेखक २०११ साली विल्यम रॉबिशो या प्राणिशास्त्रज्ञांसमवेत लाओसच्या अरण्यात हिंडले. ‘द लास्ट युनिकॉर्न’ हा २०१५ साली निघालेला ग्रंथ म्हणजे त्याच भ्रमंतीचा वृत्तान्त होय.

ग्रंथाचा पहिला गुण त्याचा प्रांजळपणा. ग्रंथकारास साओला दिसला नाही, आणि दिसला नाही हे ते झाकीत नाहीत. दिसतात ते तारेचे फासे. प्राण्यांचा माग काढण्यास निघालेले पथक अखेर फासे उपटीत चालते. हे फासे बहुधा रानडुकरांसाठी व भेकरांसाठी लावलेले असतात. साओलास बाजारात विशेष मागणी नाही. तथापि फास शिकार निवडीत नाही. कोणाचेही वैर नसता एक जात नष्ट व्हावी, यातील करुण रस ग्रंथकारांनी संयमाने हाताळला आहे, आणि त्याबद्दल आम्ही त्यांस मनःपूर्वक धन्यवाद देतो.

परंतु ग्रंथाच्या नावाविषयी आमचा मतभेद आहे. उपमान हे उपमेयास उजळण्यासाठी असते, हे अलंकारशास्त्राचे पहिले सूत्र आम्ही विद्यार्थ्यांस सांगत आलो. साओलास शिंगे दोन असतात. बाजूने पाहिल्यास एक भासते, एवढ्यावरून त्यास कथेतील एकशिंगी प्राण्याच्या पंक्तीस बसविले आहे. जो प्राणी कधी नव्हताच, त्याच्या नावाने असलेल्या प्राण्यास हाक मारली, म्हणजे त्याचे नाहीसे होणेही कथेसारखेच वाटू लागते. वाचक हळहळतो आणि पुस्तक मिटतो. याउलट ‘साओला’ हे स्थानिक नाव पाहावे. त्याचा अर्थ चरख्याचे खांब. ज्याने हे नाव ठेविले, त्याने शिंगे दोन आहेत हे पाहिले होते; ती उभी व जोडीने असतात हे पाहिले होते; आणि घरातील सूत कातण्याच्या साधनाशी त्यांचा मेळ घातला होता. आमच्या मते ही उपमा अधिक सुंदर आहे, कारण ती अधिक खरी आहे.

हा केवळ अलंकाराचा वाद नव्हे. शास्त्रास जे १९९२ साली ‘सापडले’, ते त्या घरांतून आधीच ज्ञात होते. दक्षिण व्हिएटनाममधील रुपेरी पाठीचे पिसोरी हरीण १९९० नंतर शास्त्रज्ञांस आढळले नव्हते. संशोधकांनी गावकऱ्यांस व वनरक्षकांस विचारले, त्यांनी सांगितलेल्या रानात स्वयंचलित कॅमेरे लावले, आणि त्यांत ते हरीण उमटले. हा वृत्तान्त २०१९ साली प्रसिद्ध झाला. तात्पर्य, पाहणीचे पहिले साधन प्रश्न हे आहे, कॅमेरा दुसरे. प्रस्तुत ग्रंथात वाटाडे आहेत, त्यांच्याशी झालेले खटकेही आहेत. परंतु जाणते या नात्याने ते आम्हांस पुरेसे भेटत नाहीत.

रानातील साओलाचे शेवटचे निश्चित छायाचित्र २०१३ सालचे आहे. त्यानंतर तो कॅमेऱ्यास दिसलेला नाही. तो उरला असेल, तर त्यास वाचविण्याचे काम फासे काढणाऱ्या हातांचे आहे, आणि ते हात बहुतांशी त्याच रानालगतच्या गावांतले असणार. ग्रंथ वाचनीय आहे. वाचकांनी तो अवश्य वाचावा. मात्र मिटताना त्यांनी मुखपृष्ठावरील नाव विसरावे व गावकऱ्यांनी ठेविलेले नाव लक्षात ठेवावे, इतकीच आमची विनंती आहे.