चुकीच्या उत्तरामागचे शहाणपण

शिक्षणविषयक लघुपट सहसा शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात दाखवले जातात आणि तेथेच विसरले जातात. ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ हा अमेरिकन लघुपट या नियमाला अपवाद ठरला. हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रातील मॅथ्यू श्नेप्स आणि फिलिप सॅडलर यांनी तो १९८७ साली तयार केला. जेमतेम वीस मिनिटांच्या या कृतीचा दाखला विज्ञानशिक्षणाच्या संशोधनात अजूनही दिला जातो. तिची थोरवी कशात आहे आणि ती कोठे उणी पडते, याचा विचार शिक्षकांइतकाच पालकांनीही करावा असे वाटते, म्हणून हे टिपण.

लघुपटाचा प्रारंभ हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाने होतो. झगे परिधान केलेल्या पदवीधरांना एक साधा प्रश्न विचारला जातो : उन्हाळ्यात उकाडा आणि हिवाळ्यात थंडी का असते? काहींना चंद्राच्या कलांविषयी विचारले जाते. उत्तरे मोठ्या आत्मविश्वासाने येतात. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उष्मा वाढतो, असे बहुतेक सांगतात. विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून २३ जणांना विचारले, त्यांपैकी २१ जणांची उत्तरे चुकली.

वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. नाताळानंतर दहा-बारा दिवसांतच, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते. तेव्हाचे अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, तर जुलैच्या आरंभी ते सुमारे १५.२ कोटी किलोमीटर. ऋतू घडतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. ज्या गोलार्धाचा कल सूर्याकडे असतो तेथे किरण अधिक उभे पडतात आणि दिवसही मोठा होतो.

पुढे कॅमेरा जवळच्याच एका शाळेत शिरतो. नववीतली एक हुशार मुलगी शिकवण्यापूर्वी पृथ्वीची कक्षा काढून दाखवते. ती वर्तुळाकार नसून चमत्कारिक वेटोळ्यांची आहे. पाठ संपल्यावर तिला पुन्हा विचारले जाते. कक्षा आता सुधारली आहे. परंतु ‘तिरपे किरण’ या शब्दाचा अर्थ तिने स्वतःपुरता लावला आहे : ते कोठेतरी आदळून, उसळी घेऊन पृथ्वीवर येतात! ज्या बाईंनी तिला शिकवले, त्यांना आपल्या या गुणी विद्यार्थिनीच्या मनात काय दडले होते याची कल्पनाच नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावरचा विस्मय हा या लघुपटाचा खरा परमोच्च क्षण होय. शिकवणे झाले, म्हणून शिकणे झाले असे नव्हे. हा धडा एवढ्या थोडक्यात आणि एवढ्या ठामपणे क्वचितच कोणी दिला असेल.

ही कल्पना मात्र अगदी नवी नव्हती. १९८३ साली इंग्लंडमधील संशोधिका रोझलिंड ड्रायव्हर यांनी आपल्या ग्रंथाच्या नावातच विद्यार्थ्याला वैज्ञानिक म्हणावे काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. मूल वर्गात येते ते कोरी पाटी घेऊन नव्हे. अनुभवांतून बांधलेले स्वतःचे सिद्धान्त घेऊन येते आणि आपले शिकवणे तो त्या सिद्धान्तांतच बसवून घेतो, असे अशा संशोधनातून वारंवार दिसून आले. हे निष्कर्ष शोधनिबंधांबाहेर आणून त्यांना चेहरा आणि आवाज दिला, याचे श्रेय या लघुपटाला निःसंशय द्यावे लागते.

तरीही त्यातली एक गोष्ट मला खटकते. पदवीधरांची उत्तरे ऐकताना प्रेक्षकांत हशा पिकतो, आणि तो पिकावा अशीच त्या प्रसंगाची मांडणी आहे. या हशाविषयी बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे, कारण मी स्वतः तो पिकवला आहे. शिक्षक असताना नववीच्या एका उत्तरपत्रिकेत याच प्रश्नावर मला एक उत्तर मिळाले होते. चुलीजवळ बसले की चटका लागतो, तसा सूर्य जवळ आला की उन्हाळा होतो, असा त्याचा आशय. मी तांबड्या शाईने काट मारून शून्य गुण दिले. तेवढ्यावर न थांबता ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग पोट धरून हसला. त्यानंतर वर्षभर त्या मुलाचा हात माझ्या तासाला वर आला नाही. हा लघुपट पाहताना हार्वर्डचे पदवीधर विसरलो आणि तो मुलगाच डोळ्यांपुढे उभा राहिला.

कारण त्याची चूल खरी होती. विस्तवाजवळ गेले की अधिक ऊब लागते, हे ज्ञान खोटे नाही. ते चुकीच्या जागी लावले गेले इतकेच. १९९३ साली जॉन स्मिथ, अँड्रिया डिसेसा आणि जेरेमी रॉशेल या तीन संशोधकांनी नेमका हाच मुद्दा मांडला. विद्यार्थ्यांच्या गैरसमजुती उपटून टाकण्याचे तण नव्हेत. पुढचे ज्ञान ज्या सामग्रीतून घडवायचे ती हीच, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या कसोटीवर लघुपट उणा पडतो. मुलांची ‘खाजगी विश्वे’ शिक्षणाच्या वाटेतील अडथळे आहेत, असाच त्याचा सूर आहे. चुलीपासून कलत्या अक्षापर्यंत मुलाला कसे न्यावे, याविषयी तो फारसे बोलत नाही. माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच विचारायला हवे होते : ‘सूर्य जवळ आल्यामुळे उन्हाळा येत असेल, तर त्याच वेळी ऑस्ट्रेलियात हिवाळा कसा? तिथले आपले नातेवाईक नाताळ भर उन्हाळ्यात का साजरा करतात?’ त्याने आपली चूल स्वतःच बाजूला ठेवली असती, आणि तीही अपमानित न होता.

दुसरी मर्यादा लघुपटाची नव्हे, तो जसाच्या तसा उचलणाऱ्या आपली आहे. बोस्टनच्या आसपास जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वापंधरा तासांचा, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस सुमारे नऊ तासांचा असतो. तेथे मध्यान्हीचा सूर्य वर्षभरात कधीच थेट माथ्यावर येत नाही. आपले आकाश निराळे आहे. मुंबई-वसईच्या परिसरात मे महिन्याच्या मध्यास सूर्य डोक्यावर येतो आणि माध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस तो दुसऱ्यांदा डोक्यावर येतो. परंतु तेव्हा पावसाळी ढगांमुळे तो सहसा दिसत नाही आणि हवाही मेसारखी तापत नाही. म्हणजे आपला उन्हाळा समजून घ्यायचा, तर अक्षाच्या कलाबरोबर मोसमी पावसाचाही हिशेब धरला पाहिजे. परदेशी आकृती घोकणाऱ्या मुलाला स्वतःच्या अंगणातली सावली परकी राहते.

मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात या दिशेने काम झाले आहे. जयश्री रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील आदिवासी, ग्रामीण आणि शहरी वस्तीतील मुलांच्या खगोलविषयक कल्पनांचा अभ्यास केला. प्रतिकृती आणि आकृत्या यांच्या जोडीला हातवारे व शरीराच्या हालचाली यांचाही शिकवण्यात कसा उपयोग होतो, हे त्यांनी तपासले. स्वतःभोवती गिरकी घेत घेत मित्राभोवती फिरणारे मूल पृथ्वीच्या दोन्ही गती आपल्या अंगाने जाणते. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

असे असूनही आपल्या घरांत आणि वर्गांत प्रश्नोत्तरे अद्याप पाठच केली जातात. गुण चांगले पडतात, म्हणून आपणही निश्चिंत असतो. हार्वर्डच्या त्या पदवीधरांनाही गुण चांगलेच पडले असणार. लघुपटाने मुलांना बोलते केले. ते बोलणे हसण्यासाठी नसून पुढच्या प्रश्नासाठी असते, ही त्यात आपण घालायची भर. आपल्या पाल्याने चुकीचे उत्तर दिले, तर ते खोडण्यापूर्वी ‘तुला असे का वाटते?’ एवढे विचारावे आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबावे.

ती जुनी उत्तरपत्रिका आज माझ्यापुढे आली, तर परीक्षेच्या नियमानुसार पूर्ण गुण मला देता येणार नाहीत. पण शून्याच्या जागी मी समासात लिहीन : ‘चुलीचे उदाहरण चांगले. उद्या माध्यान्ही काठी घेऊन मैदानात ये, आपण सावली मोजू.’