बॅलेतील 'टुटू' : वेशभूषेची उत्क्रांती आणि हलकेपणाचा आभास

बॅले या पाश्चात्त्य नृत्यप्रकाराची ओळख ज्या वेशामुळे दुरूनही पटते, तो नर्तिकेचा घेरदार, जाळीदार स्कर्ट म्हणजे 'टुटू'. त्याचा इतिहास बहुधा एकाच सूत्रात सांगितला जातो. नृत्याचे तंत्र जसजसे विकसित झाले, तसतसा स्कर्ट आखूड होत गेला आणि नर्तिकेचे पाय मोकळे झाले, असे हे सूत्र आहे. ते सोयीचे असले तरी अपुरे आहे. टुटूच्या जडणघडणीत पायांच्या मुक्ततेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वाटा शरीराचे वजन नाहीसे झाल्याचा भास निर्माण करण्याच्या आकांक्षेचा आहे. प्रस्तुत लेखात याच अंगाने टुटूचा विचार केला आहे.

अठराव्या शतकात मारी कामार्गो हिने स्कर्टची कड घोट्याच्या वर घेतली. हवेत पाय एकमेकांवर झपाट्याने ओलांडण्याचे तिचे कौशल्य प्रेक्षकांना दिसावे, हा त्यामागील हेतू होता. ही वाटचाल सरळ रेषेत झाली असती, तर पुढील शतकात स्कर्ट आणखी वर गेला असता. तसे घडले नाही. 12 मार्च 1832 रोजी पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' सादर झाले, तेव्हा मारी तालिओनीच्या अंगावर होता तो पोटऱ्या झाकणारा, घंटेच्या आकाराचा शुभ्र, तलम स्कर्ट. त्याची आकृती युजेन लामी या चित्रकाराची मानली जाते. ही नायिका मानवी स्त्री नसून वायुरूप अप्सरा आहे. तिचे पाय दिसण्यापेक्षा तिचे पाय जमिनीला टेकतात की नाही, हा संभ्रम महत्त्वाचा होता. पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहण्याचे तंत्र आणि प्रकाश झिरपू देणारे थर यांच्या मेळातून तो संभ्रम साधला गेला. 1822 पासून ऑपेरात आलेल्या गॅसच्या दिव्यांनी रंगमंचावर चांदणे निर्माण केले. जॉन हीथकोट या इंग्रज कारागिराने शतकाच्या आरंभीच जाळी विणण्याचे यंत्र बनवले होते. त्यामुळे पूर्वी हाताने विणावी लागणारी ट्यूलसारखी जाळी विपुल आणि स्वस्त झाली. काव्यात्म वाटणाऱ्या या वेशामागे गिरणी आणि गॅस कंपनी उभ्या होत्या, हे नृत्यसमीक्षेत सहसा विसरले जाते.

परंतु ज्या ज्योतीने हे कापड उजळले, तिनेच ते पेटवलेही. 1844 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन रंगमंदिरात क्लारा वेबस्टर ही नर्तिका प्रयोग चालू असतानाच भाजली आणि मरण पावली. या आपत्तीवर उपाय माहीत नव्हता असे नाही. फ्रान्समध्ये कार्तरों याने कापड ज्वालारोधक करण्याची रासायनिक प्रक्रिया सिद्ध केली होती आणि 1859 मध्ये तिच्या वापराविषयी शासकीय आदेशही निघाला होता. मात्र प्रक्रिया केलेले कापड ताठ व मळकट दिसे. तालिओनीची शिष्या एमा लिव्री हिने ते नाकारले आणि परिणामांची जबाबदारी स्वतःवर घेतली. 15 नोव्हेंबर 1862 रोजी 'ला म्युएत द पोर्तिची' या संगीतिकेच्या तालमीत मुक्या तरुणीची भूमिका करण्यास सज्ज होताना तिने स्कर्टचे थर झटकून सारखे केले. जवळचा दिवा भडकला आणि वेश पेटला. आठ महिन्यांच्या यातनांनंतर, जुलै 1863 मध्ये, ऐन विशीत तिचा अंत झाला.

या घटनेकडे एका तरुणीचा सौंदर्यहट्ट म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. ती अन्यायकारक आहे. लिव्रीचे पहिले पदार्पणच 1858 मध्ये 'ला सिल्फीद'मधून झाले होते. वजनहीन दिसणे हा तिच्या बाबतीत शृंगाराचा विषय नव्हता; ती तिच्या व्यवसायाची अट होती. ताठ, मळकट स्कर्टमधील अप्सरा प्रेक्षकाने स्वीकारली नसती, हे तिला जेवढे कळत होते तेवढे आदेश काढणाऱ्यांना कळत नव्हते. निवड तिची होती, हे खरे. परंतु ज्या पर्यायांतून ती करायची, ते प्रेक्षकरुचीने ठरवले होते. ही रुची निखळ कलात्मक होती, असेही म्हणता येत नाही. पॅरिस ऑपेरातील धनिक वर्गणीदारांना नर्तिकांच्या दालनात मुक्त प्रवेश असे. 'टुटू' हा शब्दही नितंबवाचक बालबोलीतील फ्रेंच शब्दावरून आला असे मानतात. अप्सरेच्या वेशाला असे नाव मिळावे, यातच त्या काळाच्या पाहण्यातील दुटप्पीपणा उघड होतो.

टुटू खऱ्या अर्थाने आखूड झाला तो नंतर, आणि मुख्यतः रशियात. 1885 मध्ये सेंट पीटर्सबर्गला आलेल्या वर्जिनिया झुक्कीने आखूड स्कर्टचा आग्रह धरला. पिएरिना लेन्यानीने 1895 च्या 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग 32 गिरक्या घेतल्या. असे तंत्र लांब स्कर्टमध्ये झाकले गेले असते. येथे प्रचलित सूत्र लागू पडते, यात शंका नाही. पण पुढे कमरेपासून आडवा पसरणारा जो चपटा टुटू रूढ झाला, तो राखणे सोपे नव्हते. दहा-बारा थरांची जाळी, ते हाताने टाचणे, आडवेपणा टिकवण्यासाठी आत तारेचे कडे, असा तो खटाटोप होता. शरीर मोकळे झाले, पण त्याच्याभोवती एक बांधकाम उभे राहिले.

त्या बांधकामातील कडे काढून टाकले ते बार्बरा कारिन्स्का हिने. जॉर्ज बॅलंशिनच्या 'सिंफनी इन सी'च्या अखेरीस पन्नासएक कलावंत एकाच वेळी मंचावर येतात. ताठ टुटू एकमेकांवर आदळले की एकीचा स्कर्ट कलतो आणि हेलकावा पुढच्या रांगेत जातो. कारिन्स्काने 1950 मध्ये या रचनेसाठी थोड्या थरांचा, सैल टाचलेला, नितंबांवर मऊपणे विसावणारा टुटू शिवला. समस्या शिवणकामाची होती आणि उत्तरही शिवणकामातूनच आले. तरीही त्याचे सौंदर्यमूल्य कोणत्याही घोषणापत्राहून कमी नाही. बॅलंशिनने स्वतः 1957 च्या 'अगॉन'सारख्या रचनांत तालमीचाच साधा वेश मंचावर आणला, तेव्हा टुटू अपरिहार्य राहिला नव्हता. विल्यम फोर्साइथच्या 1996 मधील 'द व्हर्टिजिनस थ्रिल ऑफ एक्झॅक्टिट्यूड'मध्ये स्टीफन गॅलोवेने तो पुन्हा आणला, पण थरांवाचून. कमरेभोवती केवळ एक सपाट हिरवी तबकडी ठेवून. तिच्याखाली काहीही लपवलेले नाही, आणि नर्तिका धापा टाकते हे प्रेक्षकाला स्पष्ट दिसते.