चंद्राचा एकीकृत भूवैज्ञानिक नकाशा : एक परीक्षण

ओझरच्या परिसराचा भूवैज्ञानिक नकाशा करावयाचा झाल्यास अभ्यासकास पायपीट चुकत नाही. नदीच्या पात्रात, विहिरींच्या कडांत, रस्त्याच्या खोदाईत बेसाल्टचे थर एकावर एक पसरलेले दिसतात. दोन थरांमध्ये क्वचित तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. तेव्हा खालचा थर निवून झिजल्यानंतरच वरचा लाव्हा आला, एवढे निश्चयाने सांगता येते. चंद्राच्या नकाशाकारास ही सोय नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेला चंद्राचा नकाशा वाचताना हा भेद ध्यानी ठेवावयास हवा.

१९७१ ते १९७९ या काळात निघालेल्या सहा प्रादेशिक नकाशांची सांगड घालून, कागुया व लूनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानांच्या मोजणीशी तो जुळवून घेतलेला आहे. प्रमाण १ : ५०,००,०००. वेगवेगळ्या हातांच्या पत्रकांचे सांधे मिटवून एकच परिभाषा सिद्ध करणे हे क्लिष्ट काम होते, आणि ते उत्तम साधले आहे. त्यामागील तत्त्व शूमेकर व हॅकमन यांनी १९६२ मध्ये कोपर्निकस विवराच्या परिसरात लावून दाखविले. कोपर्निकसमधून उडालेला मलबा एरॅटोस्थेनिस विवरावर पसरलेला दिसतो. एरॅटोस्थेनिसचा मलबा सागराच्या लाव्हावर आहे. आणि तो लाव्हा इंब्रियम खोऱ्याच्या मलब्यावर. वरचे ते नवे, हा न्याय ओझरला जसा लागू तसाच तेथेही.

परंतु क्रम कळला म्हणजे पाषाण कळला असे नव्हे. डेकार्ट विवरानजीकची मैदाने व टेकड्या ज्वालामुखीजन्य आहेत, असा बहुतेक नकाशाकारांचा ग्रह होता. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ च्या अंतराळवीरांनी तेथून आणलेले दगड मुख्यत्वे आघाताने फुटून पुन्हा सांधलेले निघाले. रूपावरून उत्पत्ती ठरविण्याचा हा दोष होता. आणि नव्या नकाशातील एकके अजूनही प्रामुख्याने रूप व क्रम यांवरच आधारलेली आहेत. २००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वरील खनिजशोधक उपकरणाच्या नोंदींना त्यांच्या व्याख्येत मिळावयास हवे होते ते स्थान मिळालेले नाही. प्रस्तुत नकाशाचे हे मोठे वैगुण्य होय.

वयाचा प्रश्न तर अधिकच नाजूक. ओझरप्रमाणेच दख्खनच्या बेसाल्टवर वसलेले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. तापदीप्तीच्या पद्धतीने त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे ठरले होते; पुढे आरगॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. खडक हाती असता ही तफावत! चंद्रावर तर नमुने मोजक्याच ठिकाणांहून आले आहेत. चांग-अ-५ ने २०२० मध्ये आणलेला बेसाल्ट सुमारे २०० कोटी वर्षांचा ठरल्यावर विवरगणनेच्या कालमापनास आणखी एक आधार मिळाला खरा. पण नकाशावरील बहुतांश रंगांमागे असा एकही दगड नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेल्या विक्रमच्या प्रज्ञान गाडीने दक्षिण ध्रुवाकडील मातीचे रासायनिक घटक २३ ठिकाणी मोजले. सर्व मोजण्या सुमारे १०३ मीटरच्या वाटेवरच्या. या नकाशावर ते अंतर एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे भरते.