बारा लिटरचा संगणक

दूध लिटरने मोजावं, तेल मोजावं. एके काळी रॉकेलही मोजलं. पण संगणक? चिरंजीव म्हणाले, "बाबा, खेळायला बारा लिटरचा घेऊ." म्हणजे कॉर्सेअर वन, पहिला निघाला २०१७ साली. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यात बँकेतला कारकून. कर्जाचा अर्ज छाननीला घ्यावा तसा तो घेतला.

जमेची बाजू: टेबलाचा एक कोपरा पुरतो. आत १७ सेंटिमीटर चौरस मदरबोर्ड; हे माप व्हीआयए कंपनीने २००१ साली आणलं. प्रोसेसर थंड ठेवायला पाणी खेळवलेलं.

नावेची बाजू: जादा कार्डाला खाच एकच, मेमरीला बहुधा दोन. पुढे लांबरुंद ग्राफिक्स कार्ड आणलंत, तर ते दारातूनच परत. शिवाय पडदा, कीबोर्ड, वायरी वेगळ्याच. नवरदेव सुटसुटीत, वऱ्हाडाला टेम्पो!

"मग लॅपटॉप घे की."

"त्यातलं ग्राफिक्स कार्ड बहुधा बोर्डालाच डाग दिलेलं असतं, बाबा. बदलता येत नाही."

मुद्दा बिनतोड होता. तरी मी शेरा मारला: एका जागी ठेवायचा असेल तर मोठी पेटीच बरी, त्याच पैशात जास्त येतं आणि दुरुस्तीला हात आत जातो. लहान घ्यावा तो नेणाऱ्याने.

"तू कुठे नेणार आहेस?"

"पुण्याला. हॉस्टेलवर."

हा विषय घरात महिनाभर सगळेच टाळत होतो. मी मुकाट्याने अर्ज मंजूर केला. पेटी हलकी आहे म्हणतात; स्टेशनवर कळेलच. उचलणार मीच.